नदीत मूर्ती सापडली तर घाबरू नका

उन्हाळ्यात गोदावरी-मांजरेच्या खोऱ्यात पात्र आटते, वाळूचा उपसा सुरू होतो आणि एखाद्या दिवशी जेसीबीच्या दातांना दगडी खांदा लागतो. अशा वेळी आधी मूर्ती जागेवरून हलवा. किती खोल होती, शेजारी काय होते, असले लिहीत बसलात तर तिथे देऊळ होते की मूर्ती पुरात वाहत आली, हे कुणाला तरी कळायचे. आणि देऊळ निघाले, तर ठेका बुडायचा.

मग धुऊन घ्या. तारेचा ब्रश उत्तम. मूर्तीच्या बैठकीवर कोरलेल्या बारीक ओळी दिसतील, तिथे जरा जोर लावा. नाशिकजवळच्या अंजनेरीकरांनी जैन देवळातला शके १०६३ चा लेख घासला नाही, म्हणून यादव सेउणचंद्राच्या काळात चंद्रप्रभ तीर्थंकरांच्या देवळाला दुकाने दान दिल्याचे आजही वाचता येते. आपल्या गावाच्या मागे ही कटकट कशाला?

आता बारसे. ताठ उभी मूर्ती, हात सरळ खाली सोडलेले, अंगावर वस्त्र नाही, डोक्यावर सात फण्यांचा नाग: हे तेविसावे तीर्थंकर पार्श्वनाथ, हे एखादे अभ्यासू पोरगेही ओळखेल. पोराला घरी पाठवा आणि ‘नागोबा’ म्हणून मोकळे व्हा. मांडीवर मूल, हातात आंब्याची डहाळी, खाली सिंह असेल तर ती तीर्थंकर नेमिनाथांची यक्षी, म्हणजे रक्षक देवता, अंबिका. आपण सटवाई म्हणावे, नवसाला बरी पडते. तरीही कुणी शंका काढलीच, तर शेंदराचे चार हात द्या. तीर्थंकरांच्या छातीवरचे श्रीवत्स चिन्ह बुजते, शंकाही बुजते.

दाराच्या चौकटीचा वरचा दगड मिळाला आणि त्याच्या मधोमध पद्मासनातली छोटी मूर्ती असली, तर सावध! देऊळ कुणाचे, ते तोच दगड सांगतो. उपडा घालून पायरी करा.

कायद्याचे म्हणाल, तर १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो की जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचे काही सापडले, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. पण दगडाला दहा रुपये कोण देतो? (देणारे रात्री टेम्पो घेऊन येतात. त्यांना चहा विचारा.)

पुढेमागे पुरातत्त्ववाले आलेच आणि ‘नेमकी कुठे सापडली?’ म्हणाले, तर नदीकडे हात करा. नदी चांगली लांबलचक आहे.