कुळथाच्या कढणाबद्दल तुम्ही दिलेल्या दोन ताऱ्यांना उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय वाचला. जानेवारीतल्या रात्री गारठून आलात, मुलांसाठी गरम सूप मागवलंत, तर पंचवीस मिनिटांनी 'आमटीचं तपकिरी पाणी' पुढ्यात आलं, घट्टपणा नाही, क्रीम नाही आणि वर नव्वद रुपये, असं तुम्ही लिहिलंय. मुलांनी तोंड लावलं नाही हेही लिहिलंय. उपाशी मुलं घेऊन टेबलावर बसून राहणं किती जड जातं ते मला कळतं. पण त्या वाटीला पाणी म्हटलेलं मला पटलं नाही. ते काय होतं, ते सांगते.

ते कुळथाचं कढण. कुळीथ निवडायला घेतलेत कधी? त्यातला खडा नेमका कुळथाच्याच रंगाचा आणि कुळथाएवढाच असतो. सुपात पाखडून तो जात नाही, डोळ्यांनाही चकवतो. म्हणून कुळीथ पाण्यात रोळून घ्यावे लागतात. भांडं हलवत हलवत दाणे वरच्या वर दुसऱ्या भांड्यात काढायचे, खडा तळाशी बसतो. हे काम मी कुणावर सोपवत नाही. मग रात्रभर भिजत, आणि सकाळी चुलीवर मंद आचेवर, दाणा बोटात चिरडेपर्यंत. त्याआधी आमसूल पडलं तर दाणा शिजतच नाही, आंबटाने तो निबर राहतो.

आता घट्टपणा. शिजलेल्या कुळथातले दोन मुठी दाणे वाटून परत त्याच पाण्यात सोडते, बाकीच्यांची उसळ होते. एवढाच घट्टपणा त्याला शोभतो. कॉर्नफ्लोअर मी स्वयंपाकघरात ठेवत नाही, कारण त्याखाली कुळथाची चव पुरती दबते. ज्यांना दाट हवं असतं त्यांना नारळाचं दूध घालून देते. ते घातल्यावर मात्र खळखळ उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर फुटतं.

पंचवीस मिनिटं का लागतात? कुळीथ सकाळीच शिजलेले असतात, पण वाटण आणि फोडणी ऑर्डर आल्यावरच. खोबरेल तेलात सालासकट ठेचलेला लसूण, कडा लालसर होईपर्यंत. जरा पुढे गेला तर सगळं पातेलं कडू. मग जिरं, हिंग, कढीपत्ता, सुकी मिरची. कढण उकळलं की मीठ, बोटभर गूळ, तीन-चार आमसुलं, आणि विस्तव काढून झाकण. आमसुलं सकाळपासून त्यात पडून राहिली तर रात्रीपर्यंत कढण नुसतं आंबटढाण होतं. लवकर द्यायचं म्हणून ते करणं मला जमणार नाही.

दराचं म्हणाल तर कुळीथ मी बाजारातून पोत्याने आणत नाही. इथे भात कापल्यावर जमिनीत जी ओल उरते तिच्यावरच कुळीथ होतात, वेगळं पाणी द्यावं लागत नाही. आमच्या वाडीतल्यांकडून त्यांच्या भावाने घेते. नव्वद रुपये मला रास्त वाटतात.

दापोलीचं हे पठार समुद्रापासून सुमारे ८०० फूट उंच आहे. खाली मुरूडच्या किनाऱ्यावर उकडत असलं तरी वर रात्री शाल लागते. अशा गारठ्यात आमच्याकडे घरोघरी कुळीथच शिजतात, ते उष्ण मानले जातात. ताजी मासळी नसलेल्या दिवशी कढण, गुरगुट्या भात आणि भाजलेला सुका जवळा एवढ्यावर जेवण होतं.

घरी करून बघायचं असेल तर एक वाटी कुळथाला सहा वाट्या पाणी घ्या. रात्रभर भिजवून कुकरला सात-आठ शिट्ट्या, मग दहा मिनिटं मंद आच. पुढचं वर सांगितलंच आहे.

पुन्हा आलात तर निघायच्या आधी ऑर्डर फोनवरच द्या, बसल्या बसल्या वाटी समोर येईल. आणि बरोबर लहान मुलं आहेत हे नक्की सांगा. त्यांच्यासाठी मिरचीशिवाय वेगळी फोडणी करते, नारळाचं दूध घालते आणि भात मऊ शिजवते.

– तुमची खानावळवाली, दापोली