छत्तीस तासांची ड्यूटी म्हणजे ट्रेनिंग नव्हे

निवासी डॉक्टरांनी ड्यूटीच्या तासांबद्दल तोंड उघडलं की ठरावीक मजकूर फिरू लागतो: ‘आम्हीही छत्तीस तास केले, काही बिघडलं नाही. आजची पोरं नाजूक. योगा करा. तास कमी केले तर शिकणार कधी?’

‘काही बिघडलं नाही’ हे मोजलं कुणी? बॉस्टनमधल्या आयसीयूत इंटर्नच्या 24 तास किंवा त्याहून लांब ड्यूट्या बंद करून पाहिल्या, तेव्हा जुन्या वेळापत्रकात गंभीर चुका 36 टक्क्यांनी जास्त निघाल्या. हा अभ्यास 2004 सालचा. पहाटे तीनला चूक होते कशी, ते इन्सुलिनवरून बघा. लाल टोपणाची सिरिंज एका मिलीत 40 युनिट असलेल्या व्हायलची (औषधाच्या बाटलीची), केशरी टोपणाची 100 च्या. 100 च्या व्हायलमधून लाल सिरिंजमध्ये 20 च्या खुणेपर्यंत औषध ओढलं, की पेशंटला 20 ऐवजी 50 युनिट जातात. जेआर-1 ला, म्हणजे पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला, हे पाठ असतं; पण पेंगुळलेल्या डोळ्यांना लेबलवर मनात असतं तेच दिसतं.

‘नाजूक’? सलग सतरा तास जागलेल्या माणसाचे हात-डोळे रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्यासारखे चालतात. आपल्याकडे गाडी चालवण्याची मर्यादा 0.03 टक्के आहे. छत्तिसाव्या तासाला ज्याला सुट्टी मिळते, तो बाइकवरूनच घरी जातो. यात पिढीचा संबंध कुठे आला?

योगाने कुणाला बरं वाटत असेल तर जरूर करावा. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत बर्नआउट, म्हणजे कामाने पार गळून जाणं, येतं ते कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घ ताणातून. तो ताण हाताळायचा रोस्टरमध्ये, म्हणजे ड्यूटीच्या वेळापत्रकात. केंद्राचा 5 जून 1992 चा आदेश सलग 12 तास, आठवड्याला 48 तास आणि एक साप्ताहिक सुट्टी असं सांगतो. तो पाळून घ्या, मग प्राणायाम शिकवा.

राहिलं शिकणं. त्या छत्तीस तासांत सॅम्पल लॅबला पोचवणं, रिपोर्ट शोधून आणणं, मामा (वॉर्डबॉय) नसले की ट्रॉली ढकलणं किती असतं, ते एका इमर्जन्सी ड्यूटीला वहीत टिपून बघा. त्यातून सर्जरी येत नाही. ‘तास सैल ठेवले तरी पेशंटना धोका वाढला नाही’ म्हणून अमेरिकेतली 2016 ची सर्जरीची चाचणी पुढे केली जाते. पण तिच्यातल्या दोन्ही गटांना आठवड्याला 80 तासांची मर्यादा होतीच, हे कुणी सांगत नाही.

एक आक्षेप मात्र खरा आहे: ड्यूट्या छोट्या झाल्या की हँडओव्हर (पेशंट पुढच्या डॉक्टरकडे सोपवणं) वाढतात आणि तिथे माहिती गळते. म्हणून आठ ते आठच्या पाळ्यांमध्ये अर्धा तास जाणारा आणि येणारा, दोघंही डॉक्टर वॉर्डात हवेत. सर्वांत सीरियस पेशंट आधी. प्रत्येकाचं निदान, कुठला रिपोर्ट यायचाय, आणि ‘बीपी 90 च्या खाली गेलं तर काय करायचं’ हे लिहून द्यायचं. घेणाऱ्याने ते सगळं आपल्या तोंडाने परत सांगायचं. त्यानंतरच पहिल्याने वॉर्ड सोडायचा.