एकालाच बोलावलं, दोघं आले

इमारतीत एखादा डॉक्टर राहायला आला की लोक जिन्यातच त्याला जीभ काढून दाखवतात. मला लोक पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेतले प्रोग्रॅम दाखवतात. 'याला ते येतं' एवढी बातमी पसरायला आमच्या सोसायटीला एक पाणीकपात पुरली. टँकरची वाट बघताना मी कुणाशी तरी बोललो होतो, बस.

रात्री साडेनऊला ४०३मधली मुलगी उघडा लॅपटॉप ताटासारखा धरून दारात उभी.

"काका, उद्या ओरल आहे. पाचच मिनिटं."

पुढचा पाऊण तास आमच्या जेवणाच्या टेबलावर आमटी गार होत होती.

"मी फंक्शनला एकच गोष्ट दिलीय, पाचशे रुपये. हे म्हणतंय दोन दिल्या. दुसरी कोणी दिली?"

हा प्रश्न मला आजवर इतक्यांनी विचारलाय की माझं उत्तर आता पूजा सांगणाऱ्या गुरुजींसारखं, श्वास न घेता येतं. आपण 'फ्लॅट डॉट भरा, कंसात पाचशे' असं लिहितो. पायथन ते 'सदनिका डॉट भरा, कंसात फ्लॅट आणि पाचशे' असं वाचतो. (सदनिका हा क्लास, म्हणजे साचा; फ्लॅट ही त्या साच्यातून निघालेली एक वस्तू.) म्हणजे जेवायला एकालाच बोलावलंस, तरी तो जोडीने येणार. मेथड, म्हणजे क्लासमधलं फंक्शन, लिहितानाच दोन पानं मांडायची, पहिलं सेल्फचं, म्हणजे त्या वस्तूचं स्वतःचं.

"पण जावा भाषेत असलं काही मांडावं लागत नाही."

नाही लागत. पायथनमध्येही लागू नये, असं म्हणणारे पुष्कळ होते. भाषेचे जनक गुइडो व्हान रॉसम यांनी २००८मध्ये सविस्तर लिहून सांगितलं, की सेल्फ राहणार. त्यांचं म्हणणं मला पटतं. बाहेर लिहिलेलं साधं फंक्शन मागाहून क्लासला चिकटवलं, तरी ते मेथड म्हणून बिनबोभाट चालतं, कारण पहिलं पान आधीच मांडलेलं असतं.

इथे थांबायला हवं होतं. पण मला हुशारी दाखवायची खोड. म्हटलं, सेल्फ हा काही राखीव शब्द नाही, नुसता रिवाज आहे. पायथन ३मध्ये देवनागरी नावं चालतात. सेल्फच्या जागी सरळ 'मी' लिही. तिने लिहिलं. 'मी डॉट थकबाकी.' चाललं! संतांनी इतकी शतकं मीपणा सोडायला सांगितला आणि ही भाषा म्हणते, प्रत्येक मेथडमध्ये पहिला मी. (ओरलला हे लिहू नकोस, असंही सांगितलं. एक्स्टर्नलला विनोद कळेलच याची खात्री नसते.)

मग प्रायव्हेट, म्हणजे क्लासबाहेरच्यांनी हात लावू नये असं काही. नावापुढे दोन अंडरस्कोर दिले की ते लपतं का? अजिबात नाही. पायथन त्या नावाच्या आधी एक अंडरस्कोर आणि क्लासचं नाव जोडतो, इतकंच. आमच्या मजल्यावर सगळ्यांच्या किल्ल्या चपलांच्या स्टँडमध्ये डाव्या बुटात असतात, तसं. चोराला वाटतं कुलूप आहे, शेजाऱ्याला बूट माहीत असतो.

एका क्लासने दोन पालक क्लासकडून मेथड वारशाने घेतल्या आणि दोघांतही 'परवानगी' असेल तर? कंसात आईचं नाव आधी लिहिलं असेल तर आधी आईला विचारतो. हे तिला समजावावं लागलं नाही.

"शेवटचं. क्लास व्हेरिएबल आणि इन्स्टन्स व्हेरिएबल. एखादं खरं उदाहरण असेल तर..."

मी मोठ्या ऐटीत सोसायटीच्या मेंटेनन्सचा माझा प्रोग्रॅम उघडला. त्याच महिन्यात त्या प्रोग्रॅमने काढलेली नोटीस लिफ्टशेजारी लागली होती आणि त्यात चोवीसही फ्लॅटची थकबाकी ६१,३५० रुपये होती. दर एक तारखेला चेक देणाऱ्या १०२च्या आजीही त्यात होत्या. आजी नोटीस काढून घेऊनच मीटिंगला आल्या. मी 'प्रिंटरचा काहीतरी घोळ' म्हणून सांगितलं होतं आणि सेक्रेटरींनी नवा प्रिंटर मंजूर करून टाकला होता.

तिने स्क्रीन खाली सरकवली. अर्धा मिनिटही लागला नसेल.

"काका, थकबाकीची यादी तुम्ही क्लासमध्येच लिहिलीय. प्रत्येक फ्लॅट तयार होताना चालते त्या इनिट मेथडमध्ये सेल्फ डॉट थकबाकी हवं ना? आता चोवीस घरांना मिळून एकच यादी आहे. कुणाचीही बाकी जोडली की ती सगळ्यांच्या नावावर चढते."

आमटी गरम करायला निघालेली बायको तिथेच थांबली. "म्हणजे प्रिंटर चांगला होता?"

मी ती ओळ चार जागा आत सरकवून इनिटखाली ढकलली, पुढे सेल्फ डॉट लावलं. आजींची बाकी शून्य झाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पेढे घेऊन आली. एक्स्टर्नलनी नेमका तोच फरक विचारला होता. तिने आमच्या नोटिशीचं उदाहरण दिलं. सर हसले म्हणे, आणि म्हणाले, हा प्रोग्रॅम कोणी लिहिला?

"मग?"

"घाबरू नका काका, तुमचं नाव प्रायव्हेट ठेवलं. फक्त सोसायटी आणि फ्लॅट नंबर सांगितला."