‘एका पेपरवर कोणी मोठं होत नसतं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

पटकीचं, म्हणजे कॉलऱ्याचं, विष दाखवून देणारे कलकत्त्याचे संशोधक डॉ. शंभुनाथ डे यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली ‘एक संशोधक’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. मी ती आली त्याच रात्री वाचली. उत्तर लिहायला मुद्दाम तीन दिवस जाऊ दिले, कारण त्या रात्री लिहिलं असतं तर ते छापण्याजोगं झालं नसतं.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचं म्हणणं थोडक्यात सांगते. लेख भाबडा आहे. डे यांचं सगळं नाव १९५९ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या छोट्याशा पेपरवर उभं आहे, आणि एका पेपरवर कोणी मोठं होत नसतं. जनावराच्या आतड्याला गाठी मारून मधल्या बंद भागात जंतू घालून बघण्याची युक्ती त्यांची नव्हती, ती १९१५ सालीच कुणी वापरली होती. मुंबईच्या हाफकिन संशोधन संस्थेत दत्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्येच पटकीच्या विषावर काम प्रसिद्ध केलं होतं, त्यांचा लेखात पत्ता नाही. आणि शेवटी, एच-इंडेक्सचा (संशोधकाच्या पेपरांचे इतरांनी केलेले उल्लेख मोजून काढलेल्या आकड्याचा) दाखला देऊन, ‘ताई, भावना आवरा आणि आकडे बघा.’

त्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते. ताई म्हणण्याला माझी हरकत नाही, माझे विद्यार्थी मला ताईच म्हणतात. पण ‘भावना आवरा’ हे तुम्ही कोणाला सांगताय? त्या लेखात मी सालं दिली होती, प्रयोग कसा केला ते टप्प्याटप्प्याने सांगितलं होतं. लेखाच्या वर एखाद्या पुरुषाचं नाव असतं तर तुम्ही मुद्दा खोडला असता, भावनेपर्यंत गेला नसता. मतभेद जरूर असावेत. पण ज्याच्या ओसरीवर बसून बोलतो त्याच्याशी कसं बोलावं, एवढी रीत संशोधकालाही लागू आहे.

एक गोष्ट मान्य करते. गाठी मारलेल्या आतड्याचा प्रयोग ‘जगात पहिल्यांदा’ डे यांनी केला, असं मी लिहिलं होतं. ते चुकलं. व्हिओल आणि क्रेंदिरोपुलो या दोघांनी १९१५ मध्ये तसा प्रयोग करून फ्रेंचमध्ये छापला होता. ते काम पुढे विसरलं गेलं, पण झालं होतं हे खरं. तुमच्यामुळे लेखातलं ते वाक्य मी बदललं आहे.

आता ‘एका पेपरवर कोणी मोठं होत नसतं.’ हे वाक्य मी उत्तर न देता सोडणार नाही.

पहिलं म्हणजे, तो एक पेपर नव्हताच. पटकीचा जंतू ओळखणारा जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख १८८४ मध्ये कलकत्त्यात होता. पटकीचा जंतू एखादं विष तयार करत असावा, असं त्यानेच मांडून ठेवलं होतं. त्यानंतर तब्बल पाऊणशे वर्षं हे विष हाती लागलं नाही. जनावरांना टोचायचं, पोटाच्या पोकळीत जंतू सोडायचे, जनावर मरायचं, पण माणसाला होतात तसे जुलाब काही व्हायचे नाहीत. डे लंडनला गेले, रॉय कॅमेरॉन यांच्याकडे फुप्फुसात पाणी कसं साठतं यावर काम केलं, १९४९ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेजची पीएचडी घेतली आणि कलकत्त्याला परतले. ज्या शहरात पटकीचे रोगी वॉर्डात येतच राहायचे, तिथे त्यांनी साधा प्रश्न विचारला: पाणी जातं आतड्यातून, मग आपण आतड्याच्या आत का बघत नाही? त्यातून १९५३ चा सशाच्या आतड्याचा पेपर आला. १९५६ मध्ये हीच रीत त्यांनी जुलाबाच्या रोग्यांमध्ये सापडणाऱ्या कोलाय (ई. कोलाय) जंतूंना लावून पाहिली. आणि १९५९ मध्ये जंतू गाळून काढून टाकले, नुसता गाळलेला द्रव आतड्यात घातला, तरीही आतडं पाण्याने भरलं. जंतू नाही, तरी रोग आहे. म्हणजे विष आहे, ते जंतू बाहेर सोडतो आणि ते आतड्यातच काम करतं. ‘नेचर’च्या १८३ व्या खंडात हे दोनेक पानांत आहे, आणि लेखक म्हणून त्यावर एकच नाव आहे.

गाठी मारलेल्या आतड्याचा हा प्रयोग मी नुसता वाचलेला नाही, केलेला आहे. एम.एस्सी.ला असताना आमच्या विभागात कोलायचा एक स्ट्रेन, म्हणजे त्या जंतूचा एक वाण, तपासायचा होता. सशाला चोवीस तास उपाशी ठेवलं होतं. सरांनी पोट उघडलं आणि रेशमी दोऱ्याच्या गाठी मी मारल्या, चार चार इंचांवर, मध्ये थोडी जागा सोडून, म्हणजे एकातलं दुसऱ्यात झिरपू नये. एका भागात स्ट्रेन, एकात पटकीचा जंतू, एकात नुसतं पेप्टोन वॉटर, म्हणजे जंतू वाढवायचा द्रव, पण जंतूंशिवाय. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर पेप्टोनचा भाग चपटा, ओलसर, होता तसा. आणि पटकीचा भाग तट्ट फुगलेला, हात लावायची भीती वाटावी इतका. सिरिंजने ओढलं तर तांदळाच्या धुवणासारखं पाणी. दोन बोटांच्या अंतरावर रोग आणि रोग नाही, असं शेजारी शेजारी! माझ्या आईच्या आजोळी पटकीने एका आठवड्यात तिघं गेली होती. ती नेमकी कशाने गेली ते मला त्या टेबलापाशी कळलं. याला तुम्ही भावना म्हणा. मी याला पुरावा म्हणते.

दुसरं, आकड्यांचं. तुम्ही एच-इंडेक्सचा दाखला दिलात. तो काय मोजतो? किमान अमुक वेळा उल्लेख झालेले अमुक पेपर. म्हणजे एकच पेपर हजार वेळा उल्लेखला गेला तरी त्याने निर्देशांक एकाच्या वर जात नाही. ही मोजणी हर्श यांनी मांडली २००५ मध्ये, डे गेले १९८५ मध्ये. इम्पॅक्ट फॅक्टर तर माणसाचा नसतोच, तो जर्नलचा असतो, आणि त्यात फक्त मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना मिळालेले उल्लेख धरतात. पटकीचं विष शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं फिंकेलस्टीन आणि लोस्पालुटो यांनी १९६९ मध्ये. डे यांच्या पेपरनंतर दहा वर्षांनी! ज्या कामाला पिकायला दहा वर्षं लागतात त्याला दोन वर्षांची फूटपट्टी लावून काय हाती लागणार?

आणि उल्लेख मोजण्याचा हा सगळा व्यवहार ज्यांनी उभा केला, त्या युजीन गारफील्ड यांनी स्वतः १९८६ मध्ये डे यांच्या कामाचा पटकीच्या संशोधनावर किती परिणाम झाला यावर लेख लिहिला. नोबेलविजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी डे यांचं नाव नोबेलसाठी एकाहून अधिक वेळा सुचवलं होतं. या दोघांनाही भावना आवरायला सांगणार का?

आपल्याकडे मात्र त्यांना हयातीत ना कुठला मोठा पुरस्कार मिळाला, ना आपल्या विज्ञान अकादमींनी फेलो करून घेतलं. १९७८ मध्ये नोबेल फाउंडेशनच्या परिसंवादाला बोलावलं तेव्हा ते तिथे म्हणाले, की साठीच्या दशकाच्या सुरुवातीपासूनच आपण मेलो होतो, तुम्ही आता उकरून वर काढलंत. हे वाचल्यावर माझ्या हातून लेख कोरडा लिहून होणार नव्हता, आणि तो तसा लिहायचाही नव्हता.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मोजणी या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार काय तेही सांगते. सव्वीस वर्षं मी मेडिकल कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात शिकवलं. माझ्या नावावर चार पेपर आहेत. त्यातला एक पूर्ण व्हायला तीन वर्षं लागली, कारण एका तालुक्यातल्या विहिरींचं पाणी प्रत्येक ऋतूत तपासायचं होतं. बढतीच्या मुलाखतीत समोरच्या तिघांपैकी एकाने फाइल उघडली, पेपर मोजले, ‘चारच?’ म्हणाला आणि फाइल मिटली. आत काय आहे ते वाचलं नाही. बाहेर बसलेल्या उमेदवाराकडे अठरा होते, त्यातले बरेच एकाच कामाचे तुकडे पाडून केलेले. जागा त्याला मिळाली. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही, तो मुलगा कष्टाळू होता. पण ‘आकडे बघा’ हे शब्द मी त्या खोलीत ऐकले आहेत आणि तुमच्या प्रतिक्रियेत ते पुन्हा ऐकले. म्हणून हे उत्तर एवढं लांबलं. तुम्ही त्या टेबलाच्या कुठल्या बाजूला बसता मला माहीत नाही. तुमच्या लिहिण्यावरून अंदाज मात्र येतो.

राहिला हाफकिनचा मुद्दा. दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांचा १९५९ चा पेपर मला माहीत आहे. सशाच्या पिल्लांवरचं त्यांचं काम चांगलंच आहे आणि मुंबईतलं आहे, याचा मला आनंदच आहे. पण माझा लेख डे यांच्यावर होता, पटकीच्या संशोधनाच्या इतिहासावर नव्हता. एकाबद्दल लिहिताना दुसऱ्याचं नाव आलं नाही म्हणजे तो लपवला, असं होत नाही. त्यांच्यावर लिहायचं तेव्हा लिहीन. लेखाच्या भाषेबद्दलचे तुमचे बाकीचे शेरे मी सोडून देते.

१९१५ ची दुरुस्ती तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख करून लेखात घातली आहे. तिथे तुमचं नाव द्यायची इच्छा होती, पण तुम्ही ते लिहिलेलं नाही. पुढच्या वेळी नावानिशी लिहा, आणि त्याआधी ‘नेचर’मधली ती पानं एकदा वाचून या. बसून वाचलीत तर दहा मिनिटं लागतील.