कोल्हापूरमार्गे की महाडमार्गे : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

गणपतीला मुंबईहून कणकवलीला जाताना महाड-चिपळूणचाच रस्ता धरावा, पेट्रोल कमी जळतं, असं मी लिहिलं. त्यावर आपली प्रतिक्रिया : ‘कोल्हापूर-गगनबावड्याचा रस्ता चांगला आहे, गाडी पळते, माणगावची कोंडी तुम्ही लपवलीत. आणि एसीत बसून पर्यावरणाच्या गप्पा मारू नका, एवढा पुळका असेल तर कोकण रेल्वेने जा.’

विरोधाचं मला वावडं नाही. पण टोपणनावाआडून ‘पुळका’ आणि ‘गप्पा’ काढायच्या, ही कुठली रीत? माझ्या ओटीवर बसून हे बोलला असतात का?

माझे वडील एसटीत चालक होते. आगारात प्रत्येकाच्या डिझेलच्या ॲव्हरेजवर नजर असायची. फोंडाघाट चढताना वेळेवर गिअर पाडायचा, इंजिन रडवायचं नाही, हे मी त्यांच्या मागच्या सीटवर बसून शिकलो. डिझेल वाया घालवणं त्यांना पानात अन्न टाकण्यासारखं वाटायचं. त्या घरात वाढलेल्या माणसाला आपण पुळका आल्याचं सांगता?

राहिली रेल्वे. तिकीट मिळतं तेव्हा मी रेल्वेनेच जातो. गणपतीचं आरक्षण काही मिनिटांत संपतं, हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आईचे गुडघे गेलेत. तिला घेऊन जनरलच्या डब्यात कसं चढायचं, तेही लिहिलं असतंत तर बरं झालं असतं. आम्ही पाच जण एकाच गाडीतून जातो, दोन गाड्या काढत नाही. सल्ला फेकायला काय जातं?

आता रस्त्याचं. कोल्हापूरमार्गे अंतर तर वाढतंच, शिवाय खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत गाडी सुमारे ५०० मीटर वर चढते. माणसं-सामानासकट दीड टनाच्या गाडीचं पाऊण ते एक लिटर पेट्रोल नुसतं या चढावात जातं. पुढे साताऱ्याआधी खंबाटकी घाट आहेच. मग गगनबावड्याच्या करूळ घाटात तीच उंची ब्रेकवर आणि खालच्या गिअरात घालवून तळेऱ्याला उतरायचं. उतारावर पेट्रोल जवळजवळ लागत नाही, खरं आहे, पण चढताना जाळलेलं टाकीत परत येत नाही. महाडमार्गेही चढउतार आहेत, पण सह्याद्री पार करून पुन्हा उतरावा लागत नाही आणि कशेडीला आता बोगदा आहे.

आणि ‘गाडी पळते’ म्हणजे किती? ताशी ८० वरून १०० वर गेलात की हवेचा अडथळा दीडपटीहून जास्त होतो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. रस्ता गुळगुळीत असला म्हणून तो कमी होत नाही.

माणगाव-इंदापूरची कोंडी मी एका वाक्यात उरकली, एवढं मान्य. लपवली मात्र नाही. रात्री उशिरा निघा, अडकलात तर इंजिन बंद करा, असं तिथेच लिहिलंय. शेवटपर्यंत वाचलं असतंत तर दिसलं असतं. बाकीच्या शेऱ्यांना उत्तर द्यावंसं वाटत नाही.

यंदा खुशाल कोल्हापूरमार्गे जा. निघताना टाकी फुल्ल करा, कणकवलीत पुन्हा फुल्ल करा आणि किती लिटर बसलं ते, गाडीत माणसं किती होती त्यासह, इथे लिहा. मीही माझा आकडा लिहीन, नावानिशी.