ओपेथने ग्राउल सोडला तेव्हा नेमकं काय हरवलं?

"‘हेरिटेज’पासून पुढचे चारही अल्बम उद्या जगातून गायब झाले, तरी माझं काही अडणार नाही," पऱ्या म्हणाला आणि कट्ट्यावरचे बाकीचे सगळे विषय तिथेच संपले.

कर्वेनगरच्या टपरीसमोरचा आमचा कट्टा तसा हेवी मेटलवाल्यांचा. ओपेथवरून इथे आधीही खूप जुंपली आहे, पण त्या दिवशीचा वाद लिहून ठेवावासा वाटला, कारण एरवी हा विषय ‘जड विरुद्ध हलकं’ इथेच अडकून पडतो. त्या दिवशी तो तिथून पुढे सरकला.

ज्यांनी हा बँड ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ओपेथ हा स्टॉकहोमचा बँड. मिकाएल ओकरफेल्ट गातो, गिटार वाजवतो आणि जवळपास सगळी गाणीही तोच लिहितो. १९९५ च्या ‘ऑर्किड’पासून २००८ च्या ‘वॉटरशेड’पर्यंत त्याच्या गळ्यातून दोन आवाज यायचे. एक डेथ मेटलचा ग्राउल, म्हणजे खोल, गुरगुरता आवाज, दुसरा मऊ, स्वच्छ गाता आवाज. दहा मिनिटांच्या एकाच गाण्यात दोन्ही असायचे. २०११ मध्ये ‘हेरिटेज’ आला आणि त्यात ग्राउल औषधालाही नव्हता. ‘पेल कम्युनियन’ (२०१४), ‘सॉर्सरेस’ (२०१६) आणि ‘इन काउडा वेनेनम’ (२०१९) हेही तसेच. मग नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’मध्ये ग्राउल परतला.

"चार अल्बम, सोळा वर्षं," पऱ्या म्हणाला. "आपल्या पिढीतला सगळ्यात भारी ग्राउल ज्याच्या गळ्यात आहे, तो माणूस सोळा वर्षं ओपेथच्या स्टुडिओत तो काढतच नाही. राग नाही का येणार?"

"तू ग्राउलचा फॅन आहेस की ओपेथचा?" मुग्धाने विचारलं. ती लहानपणापासून शास्त्रीय गाणं शिकते आहे आणि ओपेथकडे वळली ती ‘डॅम्नेशन’मुळे.

"दोन्ही वेगळं नाहीच आहे गं! ‘द ड्रेपरी फॉल्स’ ऐक. आधी किती वेळ तो शांतपणे गात राहतो. मग ग्राउल येतो आणि पायाखालची जमीन सरकते. तो शांत भाग सुंदर वाटतो, कारण पुढे काय येणार आहे ते आपल्याला माहीत असतं. ती टांगती तलवारच काढून घेतली तर राहिलं काय?"

मुग्धा लगेच उसळेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "हे मला पटतं. विलंबितात तासभर बसल्यावर द्रुत सुरू होतं तेव्हा अंगावर येतं, तसंच आहे ते. पण म्हणून नुसत्या विलंबितात काही नाही, असं म्हणणार का तू? ‘डॅम्नेशन’मध्ये एकही ग्राउल नाही. २००३ चा अल्बम. तेव्हा कुणी बोंब मारली नव्हती."

ती कुणी का मारली नाही, हे दादाने सांगितलं. दादा आमच्यात थोरला. २००९ मध्ये आयआयटी मद्रासच्या ‘सारंग’ महोत्सवात ओपेथ आले होते तेव्हा तो रेल्वेने चेन्नईला गेला होता, त्यामुळे या विषयात त्याचा शब्द कट्ट्यावर जरा जास्त चालतो. "‘डॅम्नेशन’ एकटा आलाच नव्हता. ‘डिलिव्हरन्स’ आणि ‘डॅम्नेशन’ एकाच वेळी रेकॉर्ड झाले. एक नोव्हेंबर २००२ मध्ये आला, दुसरा एप्रिल २००३ मध्ये. एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्या हातात मेलोट्रॉन, तो जुना टेपवरचा कीबोर्ड. लोकांना ठाऊक होतं की कुऱ्हाड कुठे गेलेली नाही. ‘हेरिटेज’च्या वेळी ती खात्रीच गेली. त्या वर्षीच्या दौऱ्यात तर सुरुवातीला स्टेजवरही ग्राउलची गाणी नव्हती. लोक तिकीट काढून यायचे, जुनं काही ऐकायला मिळायचं नाही, आणि भडकायचे."

"मग! मी तेच म्हणतोय!"

"थांब. पुढच्याच वर्षी जुनी गाणी ग्राउलसकट स्टेजवर परत आली. म्हणजे गळा शाबूत होता. त्याला नवीन गाणं तसं लिहायचं नव्हतं, इतकंच."

इथे मी मध्ये पडलो. ‘ओकरफेल्ट विकला गेला’ हा आरोप मला कधीच झेपलेला नाही, आणि पऱ्या तिकडेच वळायला लागला होता. मेटल बँड सौम्य झाला की पहिला संशय पैशाचा येतो आणि बऱ्याचदा तो रास्तही असतो. पण रेडिओवर वाजण्यासाठी कुणी ‘हेरिटेज’ बनवत नाही. सुरुवातीला एकट्या पियानोचा तुकडा, गाण्यांत बासरी आणि हातवाद्यं, मेलोट्रॉनचे थर. गिटारवरचं डिस्टॉर्शन इतकं कमी केलेलं की तारेवर नख घासल्याचंही ऐकू येतं. स्टॉकहोमच्या ज्या स्टुडिओत ॲबाची सुरुवातीची गाणी रेकॉर्ड झाली, तिथे जाऊन मुद्दाम सत्तरच्या दशकासारखा कोरडा आवाज काढायचा, हा २०११ मध्ये पैसे कमावण्याचा मार्ग नव्हता. ओकरफेल्टने आधी ‘वॉटरशेड’च्या धाटणीची दोन गाणी लिहिली होतीही. बेसवाला मार्टिन मेंडेझ त्याला म्हणाला की नवा अल्बम ‘वॉटरशेड’चाच पुढचा भाग झाला तर माझी निराशा होईल. ती दोन्ही गाणी बाजूला पडली. पैशाचा विचार असता तर सगळ्यात आधी तीच गाणी बाहेर आली असती.

"आणि सत्तरचं दशक काही २०११ मध्ये आलेलं नाही," दादा म्हणाला. "ओपेथच्या जुन्या अल्बमांची नावंच बघ. ‘ब्लॅकवॉटर पार्क’ हे नाव कुठलं? सत्तरच्या दशकातल्या एका जर्मन बँडचं. ‘स्टिल लाइफ’ व्हॅन डर ग्राफ जनरेटर या बँडकडून. ‘माय आर्म्स, युअर हर्स’ हे शब्द कोमस या बँडच्या गाण्यातले. तो माणूस पहिल्यापासून त्याच रेकॉर्डींच्या ढिगात बसलेला आहे. डेथ मेटल ऐकताना आपण त्या ढिगाकडे पाहिलं नाही."

मोबाइलवर ‘हेरिटेज’चं कव्हर निघालं. ट्रॅव्हिस स्मिथने केलेलं ते चित्र जरा थांबून बघण्यासारखं आहे. मधोमध एक झाड, फळांच्या जागी बँडमधल्या सगळ्यांचे चेहरे. त्यातला एक चेहरा फांदीवरून सुटून खाली पडतोय. तो पेर वीबर्ग, कीबोर्डवाला, अल्बम झाल्यावर बँडमधून बाहेर पडलेला. बुंध्याशी कवट्या आहेत, त्या आधीच सोडून गेलेल्यांच्या. मुळं जमिनीखाली जातात ती थेट नरकात, सैतानापाशी. डेथ मेटल कुठे गेलं, याचं उत्तर त्याने कव्हरवरच काढून ठेवलंय. ते मुळाशी आहे.

"चित्रात आहे, गाण्यात नाही," पऱ्या म्हणाला. यावर कुणाकडेच पटकन उत्तर नव्हतं.

बंटी इतका वेळ गप्प होता. तो ड्रम वाजवतो आणि बोलायला लागला की हातांनी मांडीवर वाजवूनच बोलतो. "मला एक सांग, ‘हेरिटेज’ तुला आवडत नाही तो ग्राउल नाही म्हणून, की गाणी जमलेली नाहीत म्हणून?"

"फरक काय?"

"खूप फरक आहे. ‘फॅमिन’ घे. सुरुवातीला बासरी आणि हातवाद्यं. मग सगळं थांबतं, पियानोवर गाणं. मग अचानक धावता भाग. मग संथ, जड रिफ आणि त्याच्यावर पुन्हा बासरी. एकेक तुकडा सोन्यासारखा. पण एका तुकड्यातून दुसऱ्यात जायला वाट नाही. नुसती शांतता आणि पुढचा तुकडा. सबंध अल्बमभर हेच. त्यांच्या ड्रमरने, ॲक्सेनरॉटने, काय हलक्या हाताने वाजवलंय त्यात, जॅझवाल्यासारखं, मी ते बसवायला जीव काढला. तरी अल्बम म्हणून तो मला बांधून ठेवत नाही."

माझ्या मते त्या संध्याकाळचा सगळ्यात खरा मुद्दा हा होता. जुन्या ओपेथमध्ये ग्राउल हे जोडकामही करायचा. एका भागातून दुसऱ्या भागात जाताना अवघड वळण आलं की ग्राउल यायचा आणि तिथला धक्का हाच सांधा व्हायचा. ओकरफेल्टने ती सोय स्वतःहून सोडली आणि पहिल्या अल्बममध्ये त्याला तिच्या जागी काय ठेवायचं ते सापडलं नाही. ‘हेरिटेज’चं दुखणं हे आहे. तो पुरेसा जड नाही, हे त्याचं दुखणं नाही.

याचा पुरावा मुग्धाने दिला. तिने ‘पेल कम्युनियन’मधलं ‘रिव्हर’ लावलं आणि टपरीवाल्याला रस्त्याकडेचा पंखा बंद करायला लावला. ते गाणं सुरू होतं अकूस्टिक गिटारवर, एकावर एक रचलेल्या सुरांच्या आवाजात. इतकं उजळ की ओपेथ वाटूच नये. मधल्या सोलोनंतर रंग गडद होत जातो, आणि शेवटच्या दोन-तीन मिनिटांत गिटार, ऑर्गन आणि ड्रम एकमेकांत गुंतून असे पळायला लागतात की मान आपोआप हलते. कुठेही थांबून नवीन तुकडा चिकटवलेला नाही. त्याच अल्बमचा शेवट ‘व्हॉइस ऑफ ट्रिझन’मधून ‘फेथ इन अदर्स’मध्ये जातो तो तर श्वासही न तोडता. तीन वर्षांत तो सांधे जोडायला शिकला, ग्राउलशिवाय.

पऱ्याने गाणं पूर्ण ऐकलं. मग म्हणाला, "चांगलं आहे. मी वाईट म्हटलंच नव्हतं. पण ‘द लोटस ईटर’ लाव आता."

लावलं. ‘वॉटरशेड’मधलं गाणं. सुरुवातीला गुणगुणण्याचा आवाज, मग एकदम ड्रमवर ब्लास्ट बीट, डबल बेस, सगळा कहर, आणि त्या कहरावर ओकरफेल्ट क्लीन, म्हणजे स्वच्छ आवाजात गातो. पुढच्याच ओळीला ग्राउल. मग पुन्हा क्लीन. "हे बघ," पऱ्या म्हणाला आणि आवाज वाढवला. "इथे तर हलकं कुठलं आणि जड कुठलं हेच त्याने उलटंपालटं केलंय. असं जगात दुसरं कोण करत होतं? हे करता येत असताना हे सोडायचं? मी रडतोय ते गुरगुरण्यासाठी नाही रे. हे जे अर्धवट राहिलं त्यासाठी."

याला मी काही बोललो नाही, कारण त्याचं म्हणणं बरोबर आहे. ‘वॉटरशेड’मध्ये एक दार उघडलं होतं आणि बँड त्यातून आत गेलाच नाही. चाहत्याला दुःख व्हावं असंच ते आहे.

मग साहजिकच बाकीच्यांची उदाहरणं निघाली. ‘मेटॅलिका’वर आम्ही फार वेळ घालवला नाही, १९९१ च्या काळ्या अल्बमवर सगळं बोलून झालेलं आहे. कॅटाटोनिया या बँडची गोष्ट मात्र दादाने रंगवून सांगितली. तिथे गायक योनास रेंक्सेला ग्राउल करणं जमेनासं झालं, तेव्हा १९९६ च्या ‘ब्रेव्ह मर्डर डे’वर ग्राउल करायला आला तो हाच ओकरफेल्ट. पुढच्या अल्बमपासून रेंक्से क्लीन गायला लागला आणि बँडला स्वतःचा चेहरा मिळाला. पॅराडाइज लॉस्टने १९९९ मध्ये ‘होस्ट’ काढला तेव्हा तर गिटार शोधावी लागत होती. पुढे २०१२ मध्ये ओकरफेल्टने ब्लडबाथ हा आपला दुसरा, डेथ मेटलचा बँड सोडला, आणि तिथे त्याच्या जागी ग्राउल करायला आला तो पॅराडाइज लॉस्टचाच निक होम्स. वर्षानुवर्षं न गुरगुरलेला माणूस! २०१५ च्या ‘द प्लेग विदिन’मध्ये मग त्याच्या स्वतःच्या बँडमध्येही ग्राउल परतला.

"म्हणजे सगळे शेवटी घरीच येतात," पऱ्या खूश होऊन म्हणाला.

"घरी नाही," मुग्धा म्हणाली. "‘लास्ट विल’ नीट ऐक. पहिल्या महायुद्धानंतरचा काळ, एक श्रीमंत बाप मेलाय आणि मुलांसमोर त्याचं मृत्युपत्र वाचलं जातंय. शेवटचं सोडलं तर गाण्यांना नावंही नाहीत, कलमांचे आकडे आहेत. ग्राउल आहे तो त्या मेलेल्या बापाच्या तोंडी. जिवंतपणी जे बोलला नाही ते तो आता सगळ्यांच्या तोंडावर फेकतोय. आणि शेवटच्या गाण्यात, ज्या मुलीला सगळी इस्टेट मिळते तीही त्याची नाही असं निघतं, ते गाणं पूर्ण क्लीन आहे. ग्राउल कुठे हवा आणि कुठे नको, हे इतकं नेमकं त्याने आधी कधीच केलं नव्हतं. ‘ब्लॅकवॉटर पार्क’मध्येही नाही."

"‘ब्लॅकवॉटर पार्क’ला हात लावू नकोस."

"लावते. तिथे ग्राउल येतो कारण तो डेथ मेटल बँड आहे. इथे येतो कारण त्या माणसाला तसंच बोलायचं आहे. मधले चार अल्बम झाले नसते तर त्याला हे सुचलं नसतं."

मी मुग्धाच्या बाजूचा, पण तिच्याइतका पुढे जाणार नाही. ‘ब्लॅकवॉटर पार्क’मध्ये ग्राउल नुसता रिवाज म्हणून येतो हे मला मान्य नाही. त्यातल्या ‘ब्लीक’ गाण्यात ग्राउल थांबून पाहुण्या स्टीव्हन विल्सनचा गाता आवाज येतो त्या जागेचं मोजमाप कुणीतरी फार विचार करून केलेलं आहे. तिचं दुसरं वाक्य मात्र मला पूर्ण पटतं. ‘लास्ट विल’मध्ये ग्राउल करणारा माणूस चार अल्बम नुसतं गाऊन आलेला आहे, आणि त्याचा क्लीन आवाज ‘वॉटरशेड’च्या वेळेपेक्षा कितीतरी भरदार झालाय. दोन्ही आवाज आता एका वजनाचे आहेत. पूर्वी ग्राउलपुढे क्लीन आवाज जरा लाजत उभा असायचा.

बंटीला यातलं काही फारसं महत्त्वाचं वाटत नव्हतं. त्याच्या मते ‘लास्ट विल’चं निम्मं श्रेय नव्या ड्रमरचं, २०२२ मध्ये आलेल्या वाल्टेरी वायरुनेनचं. ग्राउल आला म्हणून डबल बेसचा धुरळा उडवायचा मोह त्याने टाळलाय, असं तो मांडीवर वाजवून सिद्ध करत होता.

दादाने २०१९ ची आठवण काढली, ओपेथ पुण्यात ‘वीकेंडर’ संगीत महोत्सवाला आले होते ती. ‘इन काउडा वेनेनम’ नुकताच आला होता, एकदा स्वीडिशमध्ये आणि एकदा इंग्रजीत. "तेव्हा तू हात बांधून उभा राहणार होतास ना पऱ्या, नवीन गाणी लागली की?"

"उभा होतोच."

"खोटं. मी शेजारी होतो."

पऱ्याने विषय बदलायचा प्रयत्न केला, पण मुग्धाने तो सोडला नाही. "पुढचा अल्बम पुन्हा सगळा क्लीन आला तर काय करशील?"

"ऐकेन. शिव्या घालेन. पुन्हा ऐकेन," पऱ्या म्हणाला. "पण ‘द लोटस ईटर’चं पुढचं पाऊल मला अजून हवंय, आणि ते ‘लास्ट विल’मध्ये नाही. ते कुणी दाखवलं तर चारही अल्बमबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो."

बंटी म्हणाला, तिसऱ्या कलमात आहे. पऱ्या म्हणाला, लाव. मोबाइलची बॅटरी संपली होती, म्हणून सगळे दादाच्या घरी गेले.