तूच मार

सकाळी सकाळी डोकं फिरलंय. कॅनडाच्या बायकांच्या फुटबॉल टीमची तेव्हाची कॅप्टन ख्रिस्टीन सिंक्लेअर हिचा टोकियो ऑलिंपिकमधला, पेनल्टीचा बॉल दुसरीला देतानाचा तो व्हिडिओ कुणीतरी टाकला होता. खाली एका शहाण्याची कमेंट : "टेन्शन आलं म्हणून बॉल दुसरीच्या गळ्यात मारला, ही कसली कॅप्टन?" वर त्याला चाळीस लाईक!

अरे बाबा, १९० आंतरराष्ट्रीय गोल आहेत तिचे. बायका-पुरुष धरून जगात इतके कुणाचेच नाहीत. तिला एका पेनल्टीचं टेन्शन?

२०२१ ची सेमीफायनल, समोर अमेरिका. वीस वर्षं कॅनडाने त्यांना हरवलं नव्हतं. ०-० असताना पेनल्टी मिळते, ३८ वर्षांची ही बाई बॉल उचलते आणि सरळ टीममधल्या जेसी फ्लेमिंगच्या हातात देते. गोल! २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सिंक्लेअरने याच अमेरिकेविरुद्ध हॅटट्रिक मारली होती (तरी ४-३ ने हरले, अजून जीव जळतो) तेव्हा फ्लेमिंग १४ वर्षांची होती.

मला दरवेळी आमची कॉलेजची कॅप्टन आठवते. ताईच म्हणायचो आम्ही तिला. मॅच संपत आलेली, पेनल्टी मिळाली. ताईने बॉलचा चिखल स्वतःच्या शॉर्ट्सला पुसला, बॉल माझ्या पोटाशी टेकवला आणि म्हणाली, "तूच मार." मी मारला. बारवरून, थेट कुंपणापलीकडे. हरलो.

आणि २०१९ चा वर्ल्ड कप? स्वीडनविरुद्ध तिने जनीन बेकीला विचारलं होतं, तू घेतेस का? बेकीचा शॉट त्यांची गोलकीपर लिंडालने अडवला, कॅनडा बाहेर. तेव्हाही लोकांनी सिंक्लेअरलाच धुतलं. तरी दोन वर्षांनी बाईने पुन्हा तेच केलं! टोकियोच्या फायनलमध्ये तर पाडलं हिला आणि पेनल्टी मारली फ्लेमिंगनेच. गोल्ड मेडल.

बरं, फ्लेमिंगचा पाय तेव्हा जास्त भरवशाचा होता, मान्य. पण हे कळूनसुद्धा बॉल न सोडणारे कॅप्टन मी ऑफिसात रोज बघते.

डिसेंबर २०२३ मध्ये तिच्या देशासाठीच्या शेवटच्या मॅचला व्हँकुव्हरच्या स्टेडियमला एक दिवस तिचं नाव दिलं होतं. छानच. पण सोबतच्या पोरी तिच्यावर जीव टाकतात तो स्टेडियमच्या पाटीमुळे नाही हो.

त्या दिवशी परतताना बसमध्ये माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. ताई शेजारी येऊन बसली. समजूत वगैरे काही नाही, माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपून गेली. चक्क घोरत होती. मी स्टॉप येईपर्यंत हलले नाही.

आत्ता हे लिहिता लिहिता न राहवून तिला फोन केला. म्हटलं, ताई, तेव्हा माझ्यावर इतका विश्वास कसा टाकलास गं?

"कसला विश्वास? पोटरीत गोळा आला होता मला. तू जवळ उभी होतीस."

हे त्या कमेंटवाल्याला कळू देऊ नका.